आमदार-खासदारांना कामाला लावताना: कोल्हापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर ते गोवा असा आखलेल्या शक्तिपीठ महामार्गाला विरोध सुरू झाल्यापासून आमच्याकडं येणाऱ्या प्रश्नांचा ओघ थांबलेला नाही. काही शिरोळहून येतात, काही आजऱ्याहून, काही शहरातल्या पेठांतून. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळावं असं लिहिलंय. एकाच मुद्द्याचा दुसरा भाग दुसऱ्या उत्तरात असेल, तर त्याचा क्रमांक दिला आहे.

१. सरकारनं मर्यादा ओलांडली असं नेमकं कधी म्हणायचं? न पटलेला प्रत्येक निर्णय म्हणजे जुलूमच का?

नाही. घरफाळा वाढला, रस्ता एकेरी केला, हे निर्णय चुकीचे असू शकतात. त्यांच्याशी भांडायलाही हरकत नाही, पण तो विषय वेगळा. इथं आधी पाहायचं ते असं: जो अधिकार वापरला तो कायद्यानं दिला होता का? दिला असेल तर कायद्यात सांगितलेली पद्धत पाळली का? आणि ज्यांच्या जमिनीवर, रोजीरोटीवर किंवा बोलण्यावर गदा येणार त्यांचं म्हणणं निर्णयाआधी ऐकून घेतलं का?

जवळचं उदाहरण सप्टेंबर २०२३ चं आहे. राज्य सरकारनं अधिसूचना काढून परराज्यात ऊस पाठवायला बंदी घातली. कागल, शिरोळ, चंदगडचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सीमेपलीकडच्या कारखान्यांनाही ऊस घालतो. त्याला कुणी विचारलं नव्हतं. जिल्ह्यात संताप उसळला आणि काही दिवसांतच ती अधिसूचना मागं घ्यावी लागली. ऊस कुठं घालायचा हा शेतकऱ्याचा धंद्याचा निर्णय आहे, तो सरकार एका कागदानं ठरवू पाहत होतं. इतकं साधं सांगता आलं की आमदारालाही ते टाळता येत नाही.

२. आमच्या गावातून दोन रस्ते जाणार आहेत. आमदाराकडं जायचं की खासदाराकडं?

रस्ता कुणाचा आहे ते आधी बघा. शक्तिपीठ महामार्ग राज्याचा आहे. तो राज्य रस्ते विकास महामंडळाकडं आहे आणि भूसंपादन महाराष्ट्र महामार्ग अधिनियम १९५५ खाली होतं. म्हणजे जाब विधानसभेत आणि विधान परिषदेत विचारायचा. रत्नागिरी-नागपूर हा राष्ट्रीय महामार्ग आहे आणि त्याचं भूसंपादन केंद्राच्या १९५६ च्या कायद्यानं चालतं. चोकाक ते अंकली पट्ट्यातल्या मोबदल्याचं भांडण म्हणूनच खासदारांमार्फत दिल्लीपर्यंत न्यावं लागतं. बांध एकच असला तरी दारं दोन आहेत.

जिल्ह्यात विधानसभेचे दहा मतदारसंघ आहेत: चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर, कोल्हापूर उत्तर, शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी आणि शिरोळ. यातले पहिले सहा कोल्हापूर लोकसभेत येतात. उरलेले चार हातकणंगले लोकसभेत आहेत, त्यात सांगलीचे इस्लामपूर आणि शिराळाही आहेत.

लोक हमखास विसरतात ते विधान परिषदेचे आमदार. पुणे विभागाचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाचे आमदार तुमचेही प्रतिनिधी आहेत, कारण त्या विभागात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर यांच्यासोबत कोल्हापूर येतं. पदवीधर म्हणून तुमचं नाव यादीत असेल तर त्यांना हक्कानं गाठा. त्यांच्याकडं गर्दी कमी असते.

३. नगरसेवकाला धरून काम होत नाही का?

गल्लीतल्या कामाला होतं. पण कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढं पाच वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात लोकांनी निवडून दिलेला माणूस म्हणजे थेट आमदारच उरला होता. प्रशासक सरकारला उत्तरदायी असतो आणि सरकारला सभागृहात उत्तर द्यावं लागतं. म्हणून आजही प्रशासकाच्या काळातल्या निर्णयांबद्दल विचारायचं असेल, तर विधिमंडळातला प्रश्न हाच सरळ मार्ग.

४. निवेदन कसं लिहायचं? आमचं नेहमी चार पानांचं होतं.

एका पानाचं करा. वरच्या परिच्छेदात काय घडलं ते तारखेसह, मग कुठला आदेश किंवा अधिसूचना (क्रमांकासह), आणि शेवटी लोकप्रतिनिधीनं करायची एकच कृती. "आपण लक्ष घालावे" ही कृती नव्हे. "येत्या अधिवेशनात या अधिसूचनेबाबत तारांकित प्रश्न द्यावा आणि त्याची प्रत आम्हांस द्यावी" ही कृती झाली. शाहू महाराजांपासूनचा इतिहास निवेदनात नको, तो भाषणात शोभतो.

दुसऱ्या प्रतीवर संपर्क कार्यालयाचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेलं निवेदन म्हणजे निव्वळ फोटो. आपल्याकडं हा फोटो फार लोकप्रिय आहे: निवेदन धरलेले दहा हात, मधोमध आमदार, सगळे कॅमेऱ्याकडं बघताहेत. दुसऱ्या दिवशी पेपरात येतो, दोन्ही बाजू खूश, आणि कागद टेबलाच्या खणात.

निवेदनावर "उचित कार्यवाहीसाठी" असा शेरा मारून ते तहसीलदाराकडं पाठवलं, तरी ती कार्यवाही नव्हे. तहसीलदारानं अधिसूचना काढलेली नाही आणि ती रद्द करणं त्याच्या हातातही नाही. नम्रपणे सांगा: पत्र खात्याच्या मंत्र्यांना, तुमच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह हवं आहे.

५. आमदारानं सभागृहात नेमकं काय करायचं असतं? आम्हाला ती हत्यारं माहीतच नाहीत.

हे माहीत नसणं आमदाराच्या सोयीचं असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तारांकित प्रश्नाला मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अडचण अशी की यादीत प्रश्न वर आला तरच तोंडी उत्तराची वेळ येते. अतारांकित प्रश्नाचं उत्तर फक्त लेखी मिळतं, पण आकडेवारी काढून घ्यायला तोच बरा. किती हेक्टर, किती खातेदार, किती हरकती आल्या, किती फेटाळल्या, हे त्यात विचारा. प्रश्न अधिवेशन सुरू होण्याच्या बरेच आधी द्यावे लागतात (प्रश्न ६ पाहा).

तातडीचा विषय असेल तर लक्षवेधी सूचना. विधानसभेत ती नियम १०५ खाली येते. मंत्री निवेदन करतो, मग सदस्य प्रश्न विचारतात. कोल्हापूरच्या दोन-तीन आमदारांनी, शक्य असेल तर वेगवेगळ्या पक्षांच्या, एकत्र सही केली तर तिचं वजन वाढतं. नियम ९७ चा स्थगन प्रस्ताव (ठरलेलं कामकाज थांबवून चर्चा मागणारा) बहुतेक वेळा नाकारलाच जातो. पण तो मांडताना सदस्याला दोन शब्द बोलायला मिळालं की ते कामकाजात येतं. नियम २९३ खाली लांब चर्चा होते. तिथं आमदाराला दहा मिनिटं मिळाली तर त्यातली दोन तुमच्या विषयाला मागा. अर्थसंकल्पाच्या वेळी त्या खात्याच्या मागणीवर कपात सूचना (मागितलेला निधी कमी करा असं सांगणारी) देता येते.

शिवाय विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे. नागरिकांचा अर्ज एखाद्या सदस्यानं सहीसह सादर केला की समिती अधिकाऱ्यांना बोलावून विचारू शकते. हा रस्ता हळू आहे पण दुर्लक्षित आहे, आणि अधिकाऱ्याला समितीपुढं उभं राहणं अजिबात आवडत नाही. मंत्र्यानं सभागृहात "चौकशी करू", "फेरविचार करू" असं म्हटलं तर ते विधिमंडळाच्या 'आश्वासन समिती'च्या कक्षेत येतं. मंत्र्याचं ते वाक्य शब्दश: उतरवून तारखेसह ठेवा, पुढं तेच उपयोगी पडतं.

आमदाराला विचारा: यातलं कुठलं वापरणार आणि कधी? "बघतो" हे उत्तर यादीत नाही.

६. भेटायची योग्य वेळ कुठली?

अधिवेशनाच्या दीड-दोन महिने आधी. अर्थसंकल्पी अधिवेशन मुंबईत फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास असतं, पावसाळी जून-जुलैत, हिवाळी डिसेंबरात नागपूरला. आपल्याकडं मोर्चा निघतो अधिवेशन सुरू झाल्यावर. तोवर प्रश्न देण्याची मुदत उलटलेली असते आणि लक्षवेधीशिवाय हातात काही राहत नाही. आमदारांच्या स्वीय सहायकाला मुदतीची तारीख विचारा. त्याला ती माहीत असते, आमदारांना नसली तरी.

७. आमदार भेटीत "मी तुमच्यासोबतच आहे" म्हणतात, व्यासपीठावरही येतात. पण होत काहीच नाही. मग?

व्यासपीठावर यायला काही लागत नाही. बिंदू चौकात भाषण ठोकणाऱ्याला मुंबईत गप्प बसता येतं, कारण बिंदू चौकातले लोक कामकाजाची नोंद वाचत नाहीत. ती वाचा. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरं आणि कामकाज मिळतं. अधिवेशन संपलं की गावच्या चावडीवर एक साधा तक्ता लावा: आपल्या विषयावर कुणी प्रश्न दिला, कुणी लक्षवेधी मांडली, कोण बोललं. विशेषणं नकोत, टोमणे नकोत. नावासमोरचा रिकामा रकाना पुरेसा आहे.

आमदारांनी पत्र पाठवलं म्हणून सांगितलं तर ज्या खात्याला ते गेलं त्या खात्याकडं माहिती अधिकारात विचारा: अमुक तारखेच्या पत्रावर काय कार्यवाही झाली, टिप्पणीची प्रत द्या. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. तेवढ्यावरून अर्ज परत येतात, म्हणून शब्द मोजा. अर्ज आमदारांच्या संपर्क कार्यालयाला करण्यात अर्थ नाही.

८. आमचे आमदारच मंत्री आहेत. ते प्रश्न कसा विचारणार?

ते विचारू शकत नाहीत. मंत्री सरकारचा भाग असतो, मंत्रिमंडळाच्या निर्णयाची सामूहिक जबाबदारी त्याच्यावर असते. मंत्री गावात येऊन "माझा याला विरोध आहे" म्हणाले तर आनंदानं टाळ्या वाजवण्याआधी विचारा: मंत्रिमंडळाच्या बैठकीत हा विषय आला तेव्हा आपण काय भूमिका घेतली? लेखी काय दिलं?

सभागृहातलं काम मग शेजारच्या मतदारसंघाच्या आमदाराकडून किंवा परिषदेच्या सदस्याकडून करून घ्या. कुठलाही आमदार राज्यातल्या कुठल्याही विषयावर प्रश्न विचारू शकतो, तो तुमच्या तालुक्यातलाच हवा असा नियम नाही. शक्तिपीठ मूळ आखणीत बारा जिल्ह्यांतून जातो. म्हणजे विचारणारेही बारा जिल्ह्यांत सापडतील.

९. पक्षानं व्हीप काढला तर आमदार विरोधात मत देऊ शकतो का?

देऊ शकतो, पण आमदारकी पणाला लावून. घटनेचं दहावं परिशिष्ट १९८५ मध्ये आलं. त्याप्रमाणं पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं आणि पक्षानं ते १५ दिवसांत माफ केलं नाही, तर अपात्रतेची कारवाई होऊ शकते. त्यामुळं सत्ताधारी आमदाराकडं "विधेयकाविरुद्ध मत द्या" ही मागणी करून गावात मोठेपणा मिळतो, हाती काही लागत नाही.

व्हीप मतदानाला बांधतो. प्रश्न विचारण्याला, लक्षवेधीला, दुरुस्ती सुचवण्याला, पक्षाच्या बैठकीत बोलण्याला, मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिण्याला दहावं परिशिष्ट आडवं येत नाही. "माझे हात बांधलेत" असं कुणी म्हणालं तर हातांचं सोडा, तोंड मोकळं आहे ना, असं विचारा.

१०. जनसुरक्षा विधेयकावर लोकांनी एवढ्या सूचना पाठवल्या, तरी ते मंजूर झालंच. मग सूचना पाठवायच्या कशाला?

हा प्रश्न रागानं विचारला जातो आणि राग समजण्यासारखा आहे. घटनाक्रम असा: सरकारला संघटना बेकायदा ठरवण्याचे अधिकार देणारं हे विधेयक जुलै २०२४ मध्ये पहिल्यांदा मांडलं गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये नव्यानं मांडून संयुक्त समितीकडं गेलं. समितीकडं १२ हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या. जुलै २०२५ मध्ये १० तारखेला विधानसभेनं आणि ११ ला परिषदेनं ते मंजूर केलं.

मूळ मसुद्यात "व्यक्ती आणि संघटना" असा मोघम उल्लेख होता, तो बदलून कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना अशी शब्दरचना आली. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडं देण्याची दुरुस्ती झाली. सल्लागार मंडळाची रचना बदलली. हे पुरेसं आहे का? आमच्या मते नाही. "तत्सम" हा शब्द कुठवर ताणला जाईल याची भीती कायम आहे. पण मोर्चातल्या साध्या माणसाला वैयक्तिकरीत्या गोवण्याची जी दारं मसुद्यात सताड उघडी होती, त्यांतली काही तरी ओढून घेतली गेली. ती दुरुस्ती आपोआप झाली नाही.

विधानसभेत ते आवाजी मतदानानं मंजूर झालं. आवाजी मतदानात कोणत्या आमदारानं काय मत दिलं याची नोंद राहत नाही. मतविभागणी झाली तर नावं नोंदली जातात. म्हणून पुढच्या वेळी विरोधी आमदारांकडं एक मागणी ठामपणे करा: मतविभागणी मागा. हरणार हे माहीत असलं तरी मागा. कोण कुठल्या बाजूला उभं होतं हे मतदारांना कळायला दुसरा मार्ग नाही.

११. ग्रामसभेनं विरोधाचा ठराव केला. आता सरकारला जमीन घेताच येणार नाही ना?

येते. हे कटू आहे, पण खोटी आशा लावून उपयोग नाही. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचं अनुसूचित क्षेत्र आपल्या जिल्ह्यात नाही, त्यामुळं गडचिरोलीतल्या ग्रामसभांचे दाखले इथं जसेच्या तसे लागू होत नाहीत.

तरीही ठराव करा, आणि नीट करा. आमदाराला सभागृहात "माझ्या मतदारसंघातल्या इतक्या गावांनी ठराव केले" हे वाक्य त्यातूनच मिळतं. न्यायालयात गेलात तर लोकांना ऐकलं नाही हे दाखवायलाही तो कागद लागतो. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं लागतात, यातली जी संख्या कमी ती. हजेरी वहीत सह्या हव्यात. ठरावात गट नंबर, बाधित क्षेत्र, पाण्याची पाइपलाइन, विहिरी, महापुराच्या पाण्याची पातळी हे तपशील लिहा. "सर्वानुमते तीव्र निषेध" एवढ्यावर ठराव संपवू नका. इतिवृत्त लगेच लिहून घ्या आणि सही-शिक्क्याची प्रत ताब्यात ठेवा. पुढच्या महिन्यात ग्रामसेवकाची बदली झालेली असू शकते.

१२. वैयक्तिक हरकत नोंदवली तर पुन्हा सामुदायिक निवेदन कशाला?

दोन्ही लागतात. भूसंपादनाची हरकत खातेदारानं स्वत:, नोटिशीतल्या मुदतीत, पोच घेऊन द्यायची असते. ती मुदत चुकली तर मोर्चा कितीही मोठा काढला तरी भरून येत नाही. निवेदन आमदारासाठी, हरकत प्रांत कार्यालयासाठी.

१३. आमचे आमदार साखर कारखान्याचे चेअरमन आहेत. विरोधात सही केली आणि ऊस वेळेवर तुटला नाही तर?

सगळ्यात जास्त, आणि सगळ्यात हळू आवाजात विचारला जाणारा प्रश्न हाच. मुंबई-पुण्याच्या कार्यकर्त्यांना तो कळत नाही. इथं माणूस पोलिसाला भीत नाही, चिटबॉयला (ऊसतोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला) भितो. फेब्रुवारीत टोळी आली नाही तर वजन घटतं, एप्रिलपर्यंत ऊस रानातच वाळतो, आणि खोडव्याचं (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून येणाऱ्या पुढच्या पिकाचं) गणित बिघडतं.

शौर्याच्या गप्पा आम्ही मारणार नाही. सही एकट्यादुकट्यानं करू नका. गावातल्या सगळ्या बाधितांच्या सह्या गट नंबरच्या क्रमानं घ्या, म्हणजे पुढाकार कुणाचा हा प्रश्न राहत नाही. ठराव ग्रामसभेच्या नावानं जाऊ दे (प्रश्न ११). आमदारांशी बोलणारी माणसं अशी निवडा की ज्यांचा ऊस दुसऱ्या कारखान्याला जातो किंवा ज्यांना ऊसच नाही: शिक्षकी पेशातून निवृत्त झालेले, दुकानदार, माहेरी जमीन असलेल्या बायका.

लागणीच्या नोंदीची पावती, तारखेसह, जपून ठेवा. तोडणी जाणूनबुजून लांबवली असं दिसलं तर त्याच क्रमातल्या शेजाऱ्यांच्या तोडणीच्या तारखा लिहून प्रादेशिक साखर सहसंचालकांकडं तक्रार करता येते. बिलाबाबत ऊस नियंत्रण आदेश १९६६ स्पष्ट आहे: ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर. चेअरमन आमदार असले म्हणून त्यात सवलत नाही. आणि कारखान्याच्या निवडणुकीत सभासदाचं मत लागतं हे चेअरमनना तुमच्याइतकंच चांगलं आठवतं.

१४. मंत्र्यांच्या दौऱ्याआधी पोलिसांनी "१४९ ची नोटीस" दिली. म्हणजे गुन्हा दाखल झाला का?

नाही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुनं १४९ आता कलम १६८ आहे, तरी गावात आणि पोलीस ठाण्यातही अजून जुनाच आकडा चालतो. ही ताकीद आहे, आरोपपत्र नव्हे. प्रत घ्या, सही करताना तारीख आणि वेळ घाला, "मला मान्य नाही" असं लिहायचं असेल तर लिहा.

दौऱ्याच्या दिवशी उचलून ठाण्यात बसवलं तर ते बहुधा कलम १७० खाली असतं (जुनं १५१). त्यात २४ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि अटकेचं कारण सांगावंच लागतं. आमदारासाठी यातून थेट प्रश्न तयार होतो: गेल्या वर्षभरात जिल्ह्यात अशा किती नोटिसा दिल्या, त्यातल्या किती जणांवर आधीचा कुठलाही गुन्हा नव्हता? हा अतारांकित प्रश्न प्रत्येक अधिवेशनात जायला हवा.

१५. जिल्ह्यात "३७ लागू" आहे. मग मोर्चा काढायचाच नाही का?

महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खालचे मनाई आदेश आपल्याकडं सणवारापासून आंदोलनापर्यंत कशालाही निघतात. ३७(३) खालचा जमावबंदीचा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. आदेशाची प्रत मागून वाचा. बहुतेक आदेशांत परवानगी घेऊन मोर्चा काढण्याची सोय ठेवलेली असते. अर्ज लेखी द्या, मार्ग लिहा (दसरा चौक ते जिल्हाधिकारी कार्यालय हा पोलिसांच्या पाठ असलेला मार्ग), आणि नकार आला तर तोही लेखीच घ्या. तोंडी नकाराला आव्हान देता येत नाही.

१६. मी झेडपी शाळेत शिक्षक आहे, जमीन माझीही जाते. सही करू का?

खातेदार म्हणून हरकत द्या, ग्रामसभेला मतदार म्हणून बसा, माहिती अधिकार वापरा. मोर्चाचं नेतृत्व आणि पक्षाचं व्यासपीठ टाळा, कारण वर्तणूक नियम तिथं आडवे येतात. घरातली दुसरी माणसं आहेतच की.

१७. इंटरनेट बंद केलं तर लोकप्रतिनिधी काय करू शकतात?

जून २०२३ मध्ये शहरातल्या तणावाच्या वेळी कोल्हापूरकरांनी याचा अनुभव घेतला. तणाव खरा होता आणि प्रशासनाला काहीतरी करणं भाग होतं, हे मान्य. पण जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काश्मीरच्या प्रकरणात स्पष्ट केलंय की असे आदेश जाहीर करावे लागतात, त्यांचा आढावा घ्यावा लागतो आणि बंदी बेमुदत असू शकत नाही. आमदारानं मागायचं ते इतकंच: आदेशाची प्रत, कारणं आणि आढावा समितीचा निष्कर्ष. यूपीआयवर चालणाऱ्या भाजीवाल्याचं त्या दिवसांत काय झालं, हे सांगायला त्याच्याइतका चांगला साक्षीदार नाही.

१८. निर्णय सरकारचा नसून कोर्टाचा असेल तर? नांदणीच्या हत्तिणीच्या वेळी आमदार-खासदार काय करू शकत होते?

न्यायालयाचा निकाल आमदार बदलू शकत नाही आणि त्याच्याकडं तशी मागणी करणं चुकीचंच. जुलै २०२५ मध्ये नांदणीच्या जैन मठातल्या माधुरी हत्तिणीला गुजरातेतल्या वनतारा प्राणी केंद्रात नेण्याचा आदेश उच्च न्यायालयाचा होता आणि सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हस्तक्षेप केला नाही. त्यामुळं ३ ऑगस्टच्या नांदणी ते कोल्हापूर पदयात्रेतली ताकद न्यायालयावर चालणार नव्हती. पण राज्य सरकार त्या प्रकरणात काय भूमिका घेणार, हे लोकप्रतिनिधींच्या हातात होतं. दबाव वाढल्यावर सरकारनं मठासोबत सर्वोच्च न्यायालयात जाण्याची तयारी दाखवली ती तिथूनच.

उलट बाजूनं, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्यात येतात. पूर्वी रिट दाखल करायला मुंबईची रात्रीची गाडी धरावी लागायची, आता भाऊसिंगजी रोडपर्यंत जावं लागतं. तरी एक सावधगिरी: विषय न्यायप्रविष्ट झाला की मंत्र्याला सभागृहात उत्तर टाळायला ते कारण आयतं मिळतं. म्हणून वकिलाशी बोलताना अधिवेशनाचं वेळापत्रक समोर ठेवा. शक्य असेल तर आधी प्रश्न, मग याचिका.

१९. आपल्यातच दोन मतं असतील तर? हद्दवाढीला शहर हो म्हणतं, गावं नाही म्हणतात.

तर मग "कोल्हापूरकरांची मागणी" हा शब्द कुणीच वापरू नये. महापालिका १९७२ मध्ये झाली, त्यानंतर हद्द वाढलेली नाही. शहरवाल्यांना निधी आणि विस्तार हवा, गाववाल्यांना घरफाळा आणि शेतीवरची आरक्षणं नकोत. दोघांचंही म्हणणं खरं आहे. दोन्हीकडची मतं लागणाऱ्या आमदाराला या प्रश्नावर दोन्हीकडं हो म्हणता येतं, जोवर दोन्ही बाजू एकत्र बसून विचारत नाहीत. ठोस मागणी दोघांची एकच असू शकते: गावनिहाय सुनावणी घेतल्याशिवाय अधिसूचना नको. एवढ्यापुरतं एकत्र जा, बाकीचं भांडण नंतर घाला.

२०. अधिसूचना रद्द झाली. आता थांबायचं ना?

कागद वाचल्याशिवाय नाही. कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनाचं बघा. तेव्हा सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांसाठी शहरावर ३० वर्षांची वसुली लादली गेली होती. प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं पुढं होती, सगळे पक्ष त्यांच्या मागं होते. मध्ये स्थगिती आली, उठली, पुन्हा नाके सुरू झाले. टोल कायमचा रद्द झाल्याची घोषणा व्हायला डिसेंबर २०१५ उजाडला, आणि ते बघायला पानसरे राहिले नव्हते.

शक्तिपीठाचंही बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, कोल्हापूरपुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. पेढे वाटले गेले. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं आखणी आणि भूसंपादनासाठी २०,७८७ कोटींच्या तरतुदीला मंजुरी दिली, आणि १ जुलैला लोक पुन्हा पंचगंगा पुलावर होते. रद्द काय झालं, प्रकल्प की फक्त ती अधिसूचना, हे लेखी विचारा.

२१. आचारसंहिता लागली की आंदोलन बंद ठेवायचं का?

बंद ठेवायची गरज नाही, परवानगीचे नियम तेवढे कडक होतात. मंत्र्यांना नव्या घोषणा करता येत नाहीत, म्हणून त्या काळात "रद्द करा" ही मागणी मंत्र्याकडं नेण्यात अर्थ नसतो. उमेदवारांकडं न्या. सगळ्यांना एकच प्रश्न, एकाच दिवशी, लेखी: निवडून आलात तर पहिल्या अधिवेशनात या विषयावर काय द्याल?

काही गावांत उमेदवाराकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घेण्याची पद्धत पडली आहे. कायद्यानं ते बंधनकारक नाही, आणि आमदाराला मुदतीआधी परत बोलावण्याची तरतूदही आपल्याकडं नाही. साध्या कागदावरची सही आणि तारीख तेवढंच काम करते, स्टॅम्पचे पैसे वाचतात. त्या कागदाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी आवक करून ठेवा. उमेदवार पुढं पक्ष बदलेल, कागदावरचं नाव तेच राहील.